रिकामी कबर : तुर्की क्रांतीचा शेवटचा अध्याय आणि आपण

दौलताबादचा घाट चढून खुलताबादला पोचले की आपण कबरींच्या गावात आलो हे कोणी सांगावे लागत नाही. शेख बुरहानुद्दीन गरीब आणि शेख जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे, त्यांच्या सावलीत उघड्या आभाळाखाली असलेली औरंगजेबाची साधी कबर, हैदराबादच्या पहिल्या निजामाची कबर, थोड्या अंतरावर मलिक अंबरचा मकबरा. इथे येणारा माणूस फातिहा वाचतो आणि पुढच्या कबरीकडे वळतो. पण याच परिसरात एक घुमट असा आहे की तिथे फातिहा कोणाच्या नावाने वाचावी असा प्रश्न पडतो. कारण आत कोणी नाही.

हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ही इमारत आपल्या व्याह्यांसाठी बांधवली. हे व्याही म्हणजे उस्मानी घराण्याचे शेवटचे खलिफा अब्दुल मजीद. त्यांची मुलगी दुर्रुशेवार हिचा निकाह निजामांचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात झाला होता. खलिफा २३ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिसमध्ये वारले. त्यांना मायदेशी दफन करायला तुर्कस्तान सरकारने परवानगी दिली नाही. त्यांची मय्यत दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत राहिली आणि १९५४ मध्ये मदिनेत दफन झाली. दरम्यान १९४८ मध्ये खुद्द निजामांचे राज्यच संपले. खुलताबादची कबर रिकामीच राहिली.

मराठवाड्याच्या मातीत तुर्कस्तानच्या खलिफासाठी कबर का खणली जावी? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपल्याला इस्तंबूल, अंकारा आणि मुंबई या तीन शहरांत फिरून यावे लागते. तुर्की राष्ट्रीय क्रांती जिंकली कशी हे पुष्कळांना ठाऊक आहे. ती संपली कशी, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मते आपल्यासाठी खरा धडा त्या शेवटात आहे.

चंदा आणि दुआ

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर मुद्रोस येथे युद्धबंदी झाली आणि विजेत्या राष्ट्रांनी उस्मानी साम्राज्याचे लचके तोडायला सुरुवात केली. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीरला उतरले. त्याच महिन्यात, १९ मे रोजी, मुस्तफा केमाल काळ्या समुद्रावरील सामसून बंदरात उतरला आणि अनातोलियात प्रतिकाराची जुळवाजुळव सुरू झाली. एर्झुरूम आणि सिवास येथे परिषदा भरल्या. मार्च १९२० मध्ये दोस्तांच्या फौजांनी इस्तंबूलवर रीतसर ताबा घेतला, आणि २३ एप्रिल १९२० रोजी अंकाऱ्यात राष्ट्रीय सभा सुरू झाली. तो शुक्रवार मुद्दाम निवडला होता. सदस्यांनी आधी जुम्याची नमाज पढली, दुआ मागितली आणि मग सभागृहात पाऊल ठेवले. इस्तंबूलच्या शेखुल इस्लामने या बंडखोरांविरुद्ध फतवा काढला होता. अंकाऱ्याच्या मुफ्तींनी त्याला उलट फतव्याने उत्तर दिले. सुलतान-खलिफा परक्यांच्या कैदेत आहे, त्याला सोडवायचे आहे, असे ही सभा त्या वेळी जाहीरपणे सांगत होती.

हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी तेवढेच ऐकले. त्यांना ऐकायचेही तेवढेच होते. १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली. लाकडाचे बडे व्यापारी मियाँ मोहम्मद हाजी जान मोहम्मद छोटानी तिचे अध्यक्ष झाले. मध्यवर्ती कमिटीचे ठाणेही मुंबईच होते. गांधीजी या चळवळीत उतरले, अली बंधूंनी देश ढवळून काढला, त्यांच्या वृद्ध आईने, बी अम्मांनी, सभा गाजवल्या. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. गरिबांनी पै-पैसा दिला. 'अंगोरा फंडा'चे नाव गावोगाव पोचले. १९२० मध्ये हजारो लोक घरदार विकून हिजरत करून अफगाणिस्तानकडे निघाले आणि त्यांतले कित्येक सर्वस्व गमावून परत आले. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसचे नाव आजही टिकून आहे. मुंबईचा ईद-ए-मिलादचा जुलूस तिथूनच निघतो. पण जुलूसात चालणाऱ्या पोरांपैकी किती जणांना हे नाव कोठून आले ते माहीत असेल?

या त्यागाची थट्टा आम्हाला करायची नाही. त्या चळवळीने हिंदू आणि मुसलमानांना काही काळ का होईना एका मांडवाखाली आणले. तिच्यात प्रामाणिक माणसे होती, तशी फंडाच्या हिशेबात गोंधळ घालणारीही होती. छोटानींनी फंडाचे लाखो रुपये स्वतःच्या धंद्यात गुंतवले होते. ते उघडकीस आल्यावर त्यांना आपल्या लाकडाच्या गिरण्या कमिटीच्या हवाली कराव्या लागल्या. पण फंडाच्या घोटाळ्यापेक्षाही मोठा घोटाळा समजुतीचा होता. मुंबईतून पैसा जात होता खलिफाच्या नावाने. अंकाऱ्यात तो पोचत होता अशा माणसाच्या हाती, ज्याच्या मनातला भावी तुर्कस्तान अगदी वेगळा होता. ही फसवणूक होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला मदत करतो त्याला काय हवे आहे, हे आपल्या लोकांनी कधी नीट विचारलेच नव्हते.

विजयानंतरचे सतरा महिने

१९२१ मध्ये साकार्या नदीकाठी बावीस दिवस लढाई झाली आणि ग्रीकांची आगेकूच थांबली. सभेने मुस्तफा केमालला 'गाझी' ही पदवी दिली. २६ ऑगस्ट १९२२ रोजी तुर्कांनी मोठा हल्ला चढवला आणि ९ सप्टेंबरला त्यांचे घोडदळ इझमीरमध्ये शिरले. ११ ऑक्टोबर १९२२ रोजी मुदान्या येथे युद्धबंदी झाली. रणांगणावरची क्रांती तिथे संपली. त्यानंतर अवघ्या सतरा महिन्यांत सल्तनत गेली, प्रजासत्ताक आले आणि खिलाफतही गेली. बंदुका थंडावल्यावर जे घडले ते बंदुकांच्या काळापेक्षा अधिक दूरगामी होते.

पहिली पायरी १ नोव्हेंबर १९२२ ची. लोझानच्या शांतता परिषदेला दोस्तांनी अंकारा आणि इस्तंबूल अशा दोन्ही सरकारांना बोलावले. देशाच्या वतीने बोलायचे कोणी? अंकाऱ्याच्या सभेने सल्तनत आणि खिलाफत वेगळी करून सल्तनत रद्द करायचे ठरवले. समितीत मौलवी मंडळी शरियतच्या आधाराने काथ्याकूट करू लागली. तेव्हा मुस्तफा केमाल बाकावर उभा राहिला आणि सत्ता वादविवादाने मिळत नाही, ती घेतली जाते. सगळ्यांनी हे मान्य करावे, नाहीतर काही मुंडकी उडतील, असे त्याने बजावले. ही हकीकत त्याच्या विरोधकांनी रचलेली नाही. पुढे १९२७ च्या आपल्या दीर्घ भाषणात त्याने स्वतःच ती सांगितली आहे. त्या धमकीनंतर एक मौलवी उठून म्हणाले की आम्ही या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहत होतो, आता आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ठराव झाला. १७ नोव्हेंबरला शेवटचा सुलतान वहीदुद्दीन ब्रिटिश युद्धनौकेतून पळून गेला आणि सभेने त्याचा चुलतभाऊ अब्दुल मजीद याला खलिफा निवडले. हा गृहस्थ चित्रकार होता, संगीताचा जाणकार होता. त्याच्या हाती ना फौज ना खजिना.

आपल्याकडे या बातमीने लोक चरकले, पण समाधान मानणारेही होते. खलिफा सभेने निवडला म्हणजे तो राजा नसून जनतेचा झाला, अशी मनाची समजूत घातली गेली.

एप्रिल १९२३ मध्ये क्रांतीची पहिली सभा बरखास्त झाली. ही सभा तशी गोंगाटाची होती. तीत मौलवी होते, शेख होते, सेनाधिकारी होते, वकील होते आणि नेत्याला तोंडावर विरोध करणारा 'दुसरा गट' होता. त्या गटातला त्रबझोनचा प्रतिनिधी अली शुक्रू याचा मार्चअखेर खून झाला होता. खून करणारा होता मुस्तफा केमालच्या अंगरक्षक दलाचा म्होरक्या तोपाल उस्मान. त्याला पकडायला गेलेल्या सैनिकांशी झालेल्या चकमकीत तोही मेला. नव्या निवडणुकीत 'दुसऱ्या गटा'चा जवळजवळ सफाया झाला. २४ जुलै १९२३ रोजी लोझानचा तह झाला आणि तुर्कस्तानचे स्वातंत्र्य जगाने मान्य केले. १३ ऑक्टोबरला अंकारा राजधानी ठरली. २९ ऑक्टोबरला रात्री प्रजासत्ताकाची घोषणा झाली. हजर असलेल्या १५८ सदस्यांनी एकमताने मत दिले. शंभराहून अधिक सदस्य हजर नव्हते. रऊफ बे आणि काझिम काराबेकिर यांच्यासारखे क्रांतीचे पहिल्या फळीतले सरदार त्या दिवशी अंकाऱ्यात नव्हते. आपल्या देशाचे प्रजासत्ताक झाले हे त्यांना तोफांच्या सलामीने कळले.

आता खलिफाची पाळी होती, आणि ती जवळ आणण्यात हिंदी मुसलमानांच्याच दोन पुढाऱ्यांनी हातभार लावला. १९२३ च्या नोव्हेंबरात आगा खान आणि सय्यद अमीर अली यांनी लंडनहून पंतप्रधान इस्मत पाशाला पत्र लिहून खलिफाचा मान राखावा अशी विनंती केली. पत्र सरकारच्या हाती पडण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले. अंकाऱ्यात गहजब झाला. एक इस्माइलींचे इमाम, दुसरे शिया कायदेपंडित, दोघेही ब्रिटिश दरबारातले प्रतिष्ठित. सुन्नी खलिफाची यांना काळजी कशाला, हा इंग्रजांचाच डाव असणार, असे म्हणायला सरकारला आयते निमित्त मिळाले. संपादकांवर खटले भरले गेले. मदत करायला गेलेल्यांनी ज्याला वाचवायचे त्याच्याच पायाखालची फळी काढली.

३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द झाली. त्याच दिवशी शरियत आणि वक्फचे मंत्रालय बंद झाले आणि सगळे शिक्षण एका छत्राखाली आणणारा कायदा झाला. कायदेमंत्री सय्यद बे हा स्वतः इस्लामी धर्मशास्त्राचा पंडित. खिलाफत हा दीनचा भाग नसून राज्यकारभाराचा प्रश्न आहे, ती कौमच्या संमतीवर उभी असते, आणि कौम आता स्वतः राज्य करते, अशी विस्तृत मांडणी त्याने सभेत केली. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पुढे इक्बाल यांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांत तुर्कांचा हा इज्तिहाद, म्हणजे खिलाफत एका व्यक्तीऐवजी निवडलेल्या सभेकडे सोपवता येते हा विचार, योग्य ठरवला आहे. पण सय्यद बे सभेत बोलत होता आणि इकडे दोलमाबाहचे महालावर शिपायांचा वेढा पडण्याची तयारी होती. पहाटेच्या अंधारात खलिफाला कुटुंबासह मोटारीत बसवून शहराबाहेर नेले आणि चाताल्जा स्टेशनवर युरोपकडे जाणाऱ्या गाडीत चढवून दिले. युक्तिवाद आणि वेढा, दोन्ही एकाच दिवशी. शेवटच्या अध्यायाची सगळी गोष्ट आम्हाला या एका दिवसात दिसते.

मुंबईत हाहाकार झाला. तारा गेल्या, ठराव झाले, शिष्टमंडळ पाठवायच्या गोष्टी झाल्या. अंकाऱ्याने लक्ष दिले नाही. ज्या मशिदींतून खलिफाच्या नावाने खुतबा वाचला जात होता, तिथे पुढच्या जुम्याला कोणाचे नाव घ्यायचे हा प्रश्न उभा राहिला.

क्रांतीचे सोबती

आपल्याकडच्या चर्चांत तुर्कस्तान इथेच संपते. सनातनी म्हणतात, केमालने खिलाफत बुडवली. सुधारक म्हणतात, बरे केले. दोघांचाही त्या पुढच्या तीन वर्षांशी संबंध नसतो. आणि आमच्या मते क्रांतीची कसोटी त्या तीन वर्षांत लागली.

नोव्हेंबर १९२४ मध्ये काराबेकिर, रऊफ बे, अली फुआद, रफत आणि डॉ. अदनान यांनी प्रगतिशील प्रजासत्ताक पक्ष काढला. ही माणसे कोण होती? १९१९ मध्ये सुलतानाने मुस्तफा केमालला अटक करण्याचा हुकूम दिला तेव्हा पूर्वेकडच्या फौजेचा सेनापती काराबेकिर याने तो धुडकावला आणि त्याला सलाम ठोकून माझी फौज तुमच्या दिमतीला आहे असे सांगितले. तो एक सलाम नसता तर पुढचे काहीच घडले नसते. या पक्षाला सल्तनत परत नको होती. त्याला सत्तेची विभागणी हवी होती, हुकूमशाहीची भीती होती, आणि लोकांच्या धार्मिक श्रद्धांचा आदर राखू असे त्याने आपल्या कार्यक्रमात लिहिले होते. नेमके तेच वाक्य त्याच्या गळ्याचा फास झाले.

फेब्रुवारी १९२५ मध्ये पूर्वेकडे शेख सईद या नक्शबंदी शेखच्या नेतृत्वाखाली कुर्दांचे बंड उठले. त्यात दीनची हाक होती आणि कुर्दांच्या हक्काचा सवालही होता. क्रांतीच्या काळात तुर्क आणि कुर्द भाऊ-भाऊ म्हणणारे सरकार लोझाननंतर कुर्द हा शब्द उच्चारायला तयार नव्हते. ४ मार्च १९२५ रोजी सुव्यवस्था राखण्याचा कायदा झाला आणि त्याखाली कोणतेही वृत्तपत्र, कोणतीही संस्था बंद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. शेख सईद आणि त्याच्या साथीदारांना जूनअखेर दियारबकीरमध्ये फाशी दिले गेले. त्याच महिन्यात बंडाला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवून काराबेकिर यांचा पक्षही बंद झाला.

नोव्हेंबर १९२५ मध्ये फेज टोपीवर बंदी आणून हॅट सक्तीची केली गेली. इस्किलिपच्या आतिफ होजा या विद्वानाने हॅटविरुद्ध एक पुस्तिका लिहिली होती. ती कायदा होण्याच्या आदल्या वर्षी, १९२४ मध्ये, छापली होती. तरी फेब्रुवारी १९२६ मध्ये त्याला फासावर चढवले. टोपी बदलण्यात वाईट काय, असे आपल्यातले सुधारक विचारतील. काहीच नाही. पण टोपीसाठी गळा कापणे ही कोणती सुधारणा?

जून १९२६ मध्ये इझमीरला राष्ट्राध्यक्षाच्या खुनाचा कट उघडकीस आला. कट खरा होता, पण त्याचे निमित्त करून सगळ्या विरोधकांना एका दोरीत बांधले गेले. माजी अर्थमंत्री जाविद बे याच्यासह दीड डझनाच्या आसपास माणसे फासावर गेली. काराबेकिर, अली फुआद आणि रफत यांना सैन्यातल्या असंतोषाच्या भीतीने सोडून द्यावे लागले. रऊफ बे परदेशात होता, त्याला गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा झाली. काराबेकिरने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, तर १९३३ मध्ये छापलेले पुस्तक जप्त करून जाळले गेले. १९२७ च्या ऑक्टोबरात मुस्तफा केमालने सहा दिवस मिळून छत्तीस तास भाषण केले आणि क्रांतीचा इतिहास सांगितला. तोच अधिकृत इतिहास ठरला. दुसरी बाजू सांगणारे तोवर कबरीत, तुरुंगात, परदेशात किंवा पाळतीखाली होते. क्रांती कोणी संपवली, याचे उत्तर आमच्या मते असे : ज्याच्या हाती तिची गोष्ट सांगण्याचा मक्ता आला, त्याने.

यांतली दोन माणसे आपल्या देशात येऊन गेली. रऊफ बे १९३३ मध्ये आणि हालिदे एदिब १९३५ मध्ये दिल्लीच्या जामिया मिल्लियात व्याख्याने द्यायला आले. हालिदे ही डॉ. अदनानची पत्नी आणि नामवंत कादंबरीकार. १९१९ मध्ये सुलतान अहमदच्या मैदानात हजारोंच्या सभेला तिने हलवून सोडले होते, पुढे ती फौजेत सामील झाली होती. तिला बोलावणाऱ्या डॉ. मुख्तार अहमद अन्सारींनी १९१२ मध्ये बाल्कन युद्धातल्या जखमी तुर्कांसाठी हिंदुस्थानातून वैद्यकीय पथक नेले होते. ज्या क्रांतीसाठी ती लढली तिच्याच राज्यात तिला जागा नव्हती. मुस्तफा केमालच्या मृत्यूनंतर, १९३९ मध्ये, ती घरी परतली.

भाषा एक, धर्म दुसरा

या शेवटच्या अध्यायातले एक पान मराठी मुसलमानाने तरी थांबून वाचावे. लोझानमध्ये मुख्य तहाच्या आधी, ३० जानेवारी १९२३ रोजी, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती अनातोलियातून ग्रीसकडे गेले. त्यांतले बहुतेक युद्धाच्या धामधुमीत आधीच पळाले होते. साडेतीन ते चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात आले. १९१५ मध्ये अर्मेनियनांचा संहार झाला होता, आणि उरलेल्या मिश्र वस्तीवर या कराराने शेवटचा हात फिरवला.

ग्रीक कोण आणि तुर्क कोण हे ठरवले कसे? धर्मावरून. करामान भागातले ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या तुर्की बोलत, तुर्कीतच प्रार्थना करत. त्यांना ग्रीक ठरवून हाकलले. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. त्यांना तुर्क ठरवून बोटीत बसवले. नव्या मायदेशात दोघेही परके ठरले. इकडे म्हणत, हे अर्धे काफिर. तिकडे म्हणत, ही तुर्काची अवलाद.

कोकणी बोलणाऱ्या, खानदेशी बोलणाऱ्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या मुसलमानाला 'तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?' हा प्रश्न कधी विचारला गेला नाही असे होत नाही. त्या प्रश्नामागे क्रीटच्या बोटीचीच सावली असते. ज्या राज्याने खिलाफत मोडून आपण धर्मापेक्षा राष्ट्र मोठे मानतो असे जगाला सांगितले, त्याने आपले नागरिक मात्र धर्म पाहूनच मोजले. आणि ज्या खिलाफतवाल्यांनी धर्म हेच नाते मानले, त्यांनाही क्रीटच्या मुसलमानाची ग्रीक भाषा दिसली नाही. आपली भाषा आणि आपली माती मोजणारा त्या भांडणात कोणीच नव्हता.

सुधारणा कोणाची?

क्रांतीने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२६ च्या नव्या नागरी कायद्याने बहुपत्नीत्व संपले, तलाक न्यायालयात आला, वारशात मुलीला समान वाटा मिळाला. १९३४ मध्ये स्त्रियांना लोकसभेच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क मिळाला. युरोपातल्या कित्येक देशांच्या आधी मिळाला. परक्यांनी नकाशावर वाटून घेतलेला देश स्वतंत्र उभा राहिला. याचे मोल कमी नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. जून १९२३ मध्ये, सत्ताधारी पक्षाची स्थापना होण्याच्याही आधी, नझीहे मुहिद्दीन या बाईने आपल्या मैत्रिणींसह स्त्रियांचा राजकीय पक्ष काढला. सरकारने त्याला मंजुरी दिली नाही. तेव्हा त्यांनी १९२४ मध्ये स्त्रियांचा संघ स्थापन केला. १९३५ मध्ये, हक्क मिळून गेल्यावर, आता गरज उरली नाही या सबबीखाली तोही बंद झाला. स्त्रियांना हक्क द्यायला राज्य तयार होते. त्यांनी ते मागायला मात्र ते तयार नव्हते.

महाराष्ट्रातल्या सुधारकांत केमालचे नाव आदराने घेतले जाते आणि त्यात गैर काही नाही. पण आपल्या इथली वाट वेगळी आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया मोर्चा घेऊन सरकारच्या दारी गेल्या. सातच होत्या, म्हणून हसणारे खूप होते. त्यांच्या हाती ना फौज होती ना फासाचा दोर. त्यांना कोणी गप्प बसवून हक्क दिला नाही. त्या स्वतः बोलल्या, स्वतःच्या भाषेत बोलल्या आणि शिव्या खाल्ल्या. पुढची अर्धी शतकभर न्यायालयात गेलेल्या बायका त्याच वाटेने गेल्या. ही वाट फार सावकाश चालते, हे आम्हालाही खुपते. तरी अंकाऱ्याची घाई पाहिली की वाटते, जे बोलून मिळते ते टिकण्याची आशा धरता येते. हुकमाने आलेले दुसऱ्या हुकमाने जाते. १९३२ मध्ये तुर्कस्तानात अजान अरबीऐवजी तुर्कीत द्यायची सुरुवात झाली आणि पुढे अरबी अजान गुन्हा ठरली. १९५० मध्ये पहिल्या खऱ्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला आणि नव्या सरकारने महिन्याभरातच ती बंदी उठवली. दाबलेला आवाज मेला नव्हता, वाट पाहत होता.

बँक आणि कबर

हिंदुस्थानातून गेलेल्या पैशाचे शेवटी काय झाले? काही युद्धात खर्च झाला. जो उरला त्यातून, २६ ऑगस्ट १९२४ रोजी, खिलाफत रद्द होऊन सहा महिने होत असताना, एक बँक उभी राहिली. तिचे नाव इश बँक. तिच्या दहा लाख लिरांच्या भांडवलापैकी पहिले अडीच लाख मुस्तफा केमालने भरले, त्यात हा पैसा होता. मृत्यूपत्रात त्याने आपले भाग आपल्या पक्षाकडे ठेवून त्यांचा नफा तुर्की भाषा आणि तुर्की इतिहास यांच्या संस्थांना दिला. म्हणजे ज्या बाईने खलिफासाठी हातातली बांगडी उतरवून दिली, तिची बांगडी तुर्की भाषेच्या कोशकारांच्या पगारात गेली. व्याजाला हराम मानणाऱ्यांचा चंदा बँकेचे भांडवल झाला. इतिहासाला असा विनोद सुचतो.

आम्हाला त्यात चीड येत नाही. बँकेने देश उभारायला मदत केली, कोश तुर्कांच्या मुलांच्या उपयोगी पडला. पैसा वाया गेला नाही. वाया गेला तो आपला विचार करण्याचा काळ. आपण दूरच्या सिंहासनाकडे पाहत राहिलो आणि आपल्या गावातली शाळा, आपल्या बायकांचे हक्क, आपल्या शेजाऱ्याशी असलेले नाते यांचा हिशेब लांबणीवर टाकला. पुढे खलिफा गेल्यावर काहींनी दुसरे सिंहासन शोधले, काहींनी केमालच्या रूपाने नवा खलिफाच उभा केला. त्याचाही प्रश्न न विचारता जयजयकार करायचा. नाव बदलले, सवय तीच राहिली.

खुलताबादच्या त्या घुमटाखाली उभे राहिल्यावर आम्हाला वाटले, ही कबर अगदी रिकामी आहे असे तरी कसे म्हणावे? आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले एक स्वप्न इथे पुरले आहे. ते स्वप्न आपल्या मातीतले नव्हते, पण ज्यांनी पाहिले ती माणसे आपली होती, आणि त्यांच्या घामाचा पैसा खरा होता. म्हणून आम्ही फातिहा वाचली. नाव कोणाचे घेतले नाही. ज्यांनी दिले, आणि काय देतो आहोत, कोणाला देतो आहोत हे ज्यांना कोणी विचारू दिले नाही, त्या सगळ्यांसाठी वाचली. मग घाट उतरून घरी आलो.